ज्योत टिकत नाही

धावडा, ता. भोकरदन
२ जुलै १९७९

चि. भुजंग यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

मला एक फ्रिज मिळाला आहे आणि तो चालत नाही, एवढ्यासाठीच हे पत्र.

हसू नकोस. गावात विजेचे खांब येऊन वर्ष झालं, तारा अजून यायच्या आहेत, हे मलाही माहीत आहे. पण हा फ्रिज गॅसवर चालतो. भोकरदनच्या बालकिशनशेठच्या मुंबईच्या भावानं नवा विजेचा घेतला आणि हा जुना इकडं धाडला. चार वर्षं तो शेठच्या सरकीच्या गोदामात पडून होता. आता शेठनं तो दोन सिलिंडरांसकट आमच्या आरोग्य उपकेंद्राला दान दिलाय. दारावर लाल रंगात 'कै. इचरजबाई यांच्या स्मरणार्थ' असं लिहून घेतलंय. अक्षर झकास आहे, गारवा मात्र नावाला नाही.

मला तो का हवा, हे तुला सांगायला नको, तरी सांगते. गेल्या हिवाळ्यात डांग्या खोकल्यानं या गावातली तीन लेकरं गेली. तिन्ही माझ्या हातावर जन्मलेली होती. त्याची लस आहे, पण ती गारच राहावी लागते. भोकरदनहून बर्फाच्या थर्मासात आणते तर एसटी इथं पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं. उरलेल्या बाटल्या फेकून द्याव्या लागतात. फ्रिज चालला तर महिन्याची लस इथंच राहील.

आता रोग ऐक. खाली एक लाल बटण आहे. ते दाबून काडी लावली की ज्योत पेटते. बटण सोडलं की विझते. मी दिवसातून वीस वेळा पेटवते, तो वीस वेळा विझतो. आमची मदतनीस झुंबरबाई म्हणते, "बाई, इस्तवानं कुठं गार होत असतंय व्हय? शेठनं तुम्हाला येडं बनवलं." मलाही तसंच वाटायला लागलंय.

त्यात शेठनं अट घातली आहे. "पोळ्यापर्यंत चालला तर तुमचा. न्हाई तर राजूरला माझ्या साल्याच्या सोड्याच्या दुकानात जाईल. गणपतीला तिथं लई गर्दी असते, गार बाटली बराबर खपते." म्हणजे पोळ्यापर्यंत लेकरांचा, नंतर सोड्याचा.

तू पुण्यात रोज दहा फ्रिज दुरुस्त करतोस म्हणतोस. एक दिवस इकडं येऊन जा ना. दोन वर्षं झाली तुला बघून.

तुझी अक्का,
सत्यशीला


पुणे
९ जुलै १९७९

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. अक्का, फ्रिज बिघडलेला नाही, तू घाई करतेस. लहानपणी चूल पेटवतानाही तू असंच करायचीस.

त्या ज्योतीच्या तोंडाशी तांब्याची एक काडी असते. ती चांगली तापली की गॅस चालू राहतो, गार झाली की गॅस आपोआप बंद होतो. ज्योत विझली तर घरात गॅस पसरू नये म्हणून ही सोय आहे. म्हणून ज्योत पेटल्यावरही बटण पुरतं एक मिनिट दाबून धरायचं. एक मिनिट म्हणजे साठ आकडे, तुझे वीस नव्हे.

दुसरं. सरकीच्या गोदामात होता म्हणजे कचरा बसला असणार. सिलिंडर बंद कर. ती काडी बारीक पॉलिश पेपरनं घास. ज्योत येते त्या तोटीचं भोक सुईनं टोकरू नकोस, मोठं होईल. फुंकून आणि मऊ ब्रशनं साफ कर. तिसरं. हा फ्रिज अगदी सपाट उभा लागतो. वर पाण्याची ताटली ठेवून बघ, पाणी एका अंगाला गेलं तर पायाखाली पत्र्याचा तुकडा घाल.

एवढं केलंस की चालेल. मला यायची गरजच पडणार नाही. सध्या दुकानात काम फार आहे. बेबीनंदा बरी आहे. तिची आई काही दिवस इकडं राहायला आली आहे.

दाजींना जयभीम सांग.

तुझा भाऊ,
भुजंग


धावडा
१७ जुलै १९७९

चि. भुजंग,
जयभीम.

चुलीचं काढलंस ना? त्या चुलीवर भाजलेल्या भाकरी खाऊनच तू मेकॅनिक झालास.

तुझं सगळं केलं. साठ नाही, शंभर आकडे मोजले. काडी घासून सोन्यासारखी केली. तोटीतून सरकीचं तूस निघालं, ते पत्रात घालून पाठवणार होते. ताटलीतलं पाणी पार दाराकडं पळालं, कारण आमची जमीन शेणानं सारवलेली, ती कसली सपाट असते! मागच्या दोन पायांखाली खापराचे तुकडे घातले. आता पाणी जागेवर थांबतं.

आणि ज्योत टिकली! पाव तास. झुंबरबाईनं हात जोडले. मंग दारातून वारा आला, ज्योत थरथरली आणि गेली. परत पेटवली, परत गेली. गेले चार दिवस असंच चाललंय. कधी पाव तास, कधी अर्धा. लस ठेवायची हिंमत होत नाही. गुरुवारी परत सहा बाटल्या फेकल्या आणि डॉक्टरसाहेबांची बोलणी खाल्ली. साहेब म्हणाले, "सिस्टर, दान घेतलंत, आता भोगा."

तुझ्या सासूबाई कशाला आल्यात? बेबीनंदाला बरं नाही का? नीट लिही. आणि दुकानाचं निमित्त सांगू नकोस. एसटीनं एका दिवसात येता येतं.

सत्यशीला


पुणे
२४ जुलै १९७९

ती. अक्का,
जयभीम.

बघ, दोष सापडला! वारा. तू फ्रिज पुढच्या खोलीत ठेवलास, तिथं सारखं दार उघडं. ही ज्योत करंगळीच्या नखाएवढी, तिला पावसाळी वारा कसा सोसणार? आतल्या खोलीत हलव, जिथं तू झोपतेस. खिडकी लावून घे. फटीत कापड कोंब. संध्याकाळी पेटव आणि हात लावू नकोस. सकाळी बर्फ मिळेल.

सासूबाई डोळे दाखवायला आल्यात. काळजीसारखं काही नाही. रजा मागितली, मालकानं नाही म्हटलं. मी काय तुझ्यावर रुसून बसलोय का?

शेठला सांग, सोड्याच्या बाटल्या दुसरीकडं गार कर.

भुजंग


धावडा
२ ऑगस्ट १९७९

चि. भुजंग,
जयभीम.

तुझा बर्फ मिळाला नाही.

फ्रिज आतल्या खोलीत आणला. चार माणसं लागली, खापराचे तुकडे परत लावले, ताटली परत ठेवली. खिडकी लावली, फटीत माझं जुनं लुगडं कोंबलं. आता ज्योत संध्याकाळपासून टिकते, पण पहाटे उठून बघावं तर विझलेली असते. पहिले तीन दिवस आत गारवा तरी यायचा. आता तोही कमी झालाय. ज्योतीचा रंगही बदलला. आधी निळी होती, आता पिवळी लांबट दिसते, आळसावल्यासारखी. वर काजळी धरते. मागं जाऊन बघावं म्हटलं तर झुंबरबाई आडवी येते. "तिकडं म्या झाडते, बाई, तुम्ही ऱ्हाऊ द्या." या बाईला एवढा कामाचा उमाळा कधी आला कोण जाणे!

खोली कोंदट झालीय. सकाळी डोकं नुसतं ठणकतं. दुपारी गावात घरं फिरायला निघाले की बरं वाटतं. शनिवारी तुझे दाजी भोकरदनच्या शाळेतून आले, तेही रविवारी डोकं धरून बसले आणि म्हणाले, "हा फ्रिज दे त्या शेठला." आमचं त्यावरून चांगलंच वाजलं.

मला खरंच राग आलाय, भुजंग. तुझा, शेठचा, त्या बटणाचा. माझा अंगठा सुजला आहे. पोळा वीस दिवसांवर आला आणि मी अजून काड्याच ओढते आहे. पत्रातून औषध सांगणारा डॉक्टर मी कधी चालवून घेतला नसता, मग मी तुला का चालवून घेते? ये. परत सांगणार नाही.

सत्यशीला


पुणे
८ ऑगस्ट १९७९

ती. अक्का,
जयभीम.

तूही जरा दम धर. मी फ्रिज न बघता सांगतोय, तू बघून चुकतेस. पिवळी ज्योत म्हणजे तोटीत परत कचरा. घास, फुंक, पेटव. सिलिंडर संपत आलं असेल तर तेही बघ.

मला यायला जमत नाही, जमत नाही, जमत नाही. दर पत्रात तेच. प्रत्येक माणसाच्या घरात काहीतरी असतं, सगळं पत्रात लिहिता येत नाही. तू बायकोच्या आईच्या ताब्यात गेलास असंही आता लिहिशील. लिही.

भुजंग


धावडा
१३ ऑगस्ट १९७९

चि. भुजंग,
जयभीम.

मागचं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण एक गोष्ट आहे आणि ती सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. हे दुकानात वाचू नकोस. घरी जाऊन वाच आणि बेबीनंदाला एकटीलाच सांग.

सहा वर्षं झाली माझ्या लग्नाला. सासूबाई काय काय बोलतात ते तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात त्यांनी तुझ्या दाजींसमोर दुसऱ्या मुलीचं नाव काढलं. हे काही बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, हेच मला लागलं.

आता गेले दहा-बारा दिवस मला सकाळी मळमळतं. चक्कर येते. भाकरीचा वास नको होतो. पाळी पंधरा दिवस वर गेलीय. मी स्वतः गावातल्या बायकांना इतक्यात कुणाला काही सांगू देत नाही, दोन महिने थांबा म्हणते. मलाही तेच सांगते. पण ऐकते कोण! काल लेकरांच्या वजनाचा काटा पुसता पुसता मी चक्क गाणं म्हणत होते.

झुंबरबाईला माझ्या आधी कळलं. तिची खात्री तर बिलकुल पक्की आहे. कारण काय, तर माझ्या घरात कुंभारणीनं घर केलंय. ती मातीची घरं बांधणारी माशी रे. आपली आई म्हणायची ना, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, मोडायचं नसतं. मी विचारलं, कुठं आहे ते घर? तर म्हणते, "म्या पाह्यलं ना! महिना होऊन राह्यला. पर सांगणार न्हाई. तुम्ही लई साफसफाईवाल्या, झाडून टाकसाल." मी तिला चांगलं झापलं. धम्म घेतलेल्या घरात, शिकलेल्या बाईला हे सांगतेस? आणि मग गुपचूप आढ्याकडं बघत बसले, कुठं दिसतंय का म्हणून. तू हस आता.

फ्रिज तसाच आहे. रोज पेटवते, पहाटेच्या आत विझतो. शेठचा निरोप आला, पोळ्याला स्वतः येतो म्हणून. पण खरं सांगू, परवापासून माझा निम्मा राग गेलाय.

अक्का


तार
पुणे, १८ ऑगस्ट १९७९

सत्यशीला नर्स धावडा
फ्रिज ताबडतोब बंद करा. खिडकी उघडा. त्या खोलीत झोपू नका. तब्येत कळवा. पत्र येत आहे.
भुजंग


पुणे
१८ ऑगस्ट १९७९

ती. अक्का,
जयभीम.

तार मिळाली असेल. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

अक्का, तुझं डोकं, तुझी मळमळ, चक्कर. सकाळी जास्त, गावात फिरलं की बरं. दाजींनाही रविवारी तेच झालं. ज्योत पिवळी, काजळी, पहाटे विझते. हे सगळं मी दहा दिवसांपूर्वी एका ओळीत वाचायला हवं होतं. गॅस नीट जळून धूर बाहेर गेला नाही तर खोलीत विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मंग माणूस झोपेतून उठतच नाही. गेल्या वर्षी इथं एका न्हाणीघरातून दोन माणसं बाहेर काढताना मी पाहिली आहेत. आणि मी तुला लिहिलं, खिडकी लाव, फटीत कापड कोंब.

फ्रिजच्या मागं वरच्या अंगाला धूर जायची नळी असते, अंगठा जाईल एवढी. तोटी, काडी, वारा, सगळं तुला विचारलं, ती नळी मात्र विचारली नाही. झुंबरबाईला विचार, कुंभारणीचं घर कुठं आहे. मला वाटतं ते तिथंच आहे. पहिल्या आठवड्यात ज्योत सारखी विझत होती, नळी गार होती, तेव्हा त्या माशीनं बांधलं असणार. जसं ते वाढलं तशी ज्योत गुदमरली. तुझ्यासकट.

ते काढ. ज्योत टिकेल.

पाळीचं मला कळत नाही. कदाचित दोन्ही खरं असेल. मी रोज तेच मनात म्हणतोय. पण मळमळीचं कारण मी तुझ्यापासून लपवलं तर मी भाऊ कसला?

आणि लपवायचं आता पुरे. बेबीनंदाला सातवा महिना लागलाय. म्हणून तिची आई आली, म्हणून मला यायला जमत नव्हतं. डॉक्टरांनी तिला आडवं राहायला सांगितलंय. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं असं आहे की सासूबाई म्हणाल्या, जिला मूल नाही तिला आत्ता कळवू नका, नजर लागते. मी त्यांना काही बोललो नाही. दाजी बोलले नाहीत तसंच.

तब्येत कळव. तब्येत कळव.

भुजंग


धावडा
२४ ऑगस्ट १९७९

चि. भुजंग,
जयभीम.

तार वीस तारखेला दुपारी भोकरदनहून आली. पत्र काल आलं, पण तोवर मी सगळं करून बसले होते. तारेत 'खिडकी उघडा' वाचलं आणि माझ्यातली नर्स जागी झाली. धूर जातो कुठून, असं म्हणत मी फ्रिजच्या मागं गेले, तर झुंबरबाई दोन्ही हात पसरून उभी. "बाई, पाया पडते, ते मोडू नका. तुमच्यासाठी म्या महिनाभर राखलंय." तिथंच मला सगळं कळलं. तुझं पत्र यायच्या आधीच कळलं.

नळीच्या तोंडात तीन कोठड्या होत्या, एकीला एक चिकटून. माती काय सुबक लिंपलेली! आपल्याला चूल अशी लिंपता येत नाही. मी हातात उलथणं घेऊन उभी राहिले आणि माझा हात उठेना. परीक्षेत जिल्ह्यात तिसरी आलेली मी, या गावातल्या प्रत्येक बाईला अंगारेधुपाऱ्यांवरून बोलणारी मी. आणि मनात म्हणत होते, एक आठवडा राहू दे, काय होतंय? राजूरला फ्रिज जाईना का. लोक सोडा पितील.

मग डांग्या खोकल्यानं गेलेल्या तिघांतल्या शेवटच्या लेकराची आई दारात आली. तिच्या कडेवर आता दुसरं आहे, तीन महिन्यांचं. तिनं फक्त विचारलं, "बाई, सुई कवा द्यायची?" मी उलथणं घातलं.

आत हिरव्या अळ्या भरलेल्या होत्या आणि एक पांढरं पिल्लू. झुंबरबाईनं सगळी माती पदरात घेतली आणि चिंचेखाली नेऊन ठेवली. माझ्याशी अजून धड बोलत नाही.

दार-खिडकी सताड उघडी ठेवून पेटवली. निळी ज्योत. आता वारा आला तर वाकते, पण विझत नाही. तुझ्या वाऱ्याच्या निदानाबद्दल भेटल्यावर बोलू. आज चार दिवस झाले, पेटलेलीच आहे. मी आता पुढच्या खोलीत झोपते. पोळ्याला शेठ आले, आत हात घालून बर्फ काढला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा! बंबईचा माल हाय." मंग दारावरच्या आईच्या नावावरून हात फिरवून डोळे पुसले. मी त्या माणसाला उगीच इतकी नावं ठेवली. काल भोकरदनहून चाळीस डोस आणून ठेवले. सोमवारी बावीस लेकरांना टोचायचं आहे.

पोळ्याच्याच दिवशी मला पाळी आली. एवढंच लिहिते त्याबद्दल. रडले ते झुंबरबाईनं पाहिलं, दुसऱ्या कुणी नाही.

आता तुझं. सहा वर्षांत मी एकशे चौऱ्याहत्तर बाळंतपणं केली. पायाळू, जुळी, नाळ गळ्याभोवती आलेली. माझी नजर त्या सगळ्यांना लागली, म्हणून ती जगली. तुझ्या सासूबाईंना हे वाचून दाखव. तू गप्प बसलास याचा मला फ्रिजपेक्षा जास्त राग आला आहे आणि तो इतक्यात जायचा नाही. पण नोव्हेंबरात मी रजा काढून येणार आहे. मला बोलवायची वाट बघणार नाही. बाळंतपण दवाखान्यात होऊ दे, मी उशाशी बसेन. लेकराला तिसऱ्या महिन्यात पहिली सुई मीच देणार. तोवर तुझ्या दुकानातला एखादा फ्रिज चालू करून ठेव, तुला येत असेल तर. बेबीनंदाला म्हणावं, डाव्या कुशीवर झोप, पायावर सूज आली तर लगेच दाखव, आणि घरात कुंभारणीनं घर केलं असेल तर राहू दे, फक्त धुराच्या वाटेत नको.

तुझी अक्का,
सत्यशीला

ता. क. तारेत एकदा आणि पत्रात दोनदा तब्येत विचारलीस. सकाळी उठते तेव्हा डोकं दुखत नाही. चक्कर नाही, मळमळ नाही, भाकरीचा वास चांगला वाटतो. मी बिलकुल बरी आहे. बरं असण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.